अर्धी पट्टी

आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये काउंटरवर एक कात्री दोरीला बांधून ठेवलेली असते. संध्याकाळी सहा ते नऊ तिला उसंत नसते. "काका, दहातल्या पाचच द्या," असं कुणीतरी म्हणतं. काका पट्टी उलटी करून बघतात, बॅच नंबर आणि मुदत छापलेली बाजू आपल्याकडे राहील अशा बेतानं मधोमध कापतात. पाच गोळ्या कागदी पुडीत आणि उरलेल्या पाच ड्रॉवरमध्ये. शुगरची गोळी रोज घ्यायची असते, कायमची घ्यायची असते, हे काकांना ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही. पण हप्ता शनिवारी मिळतो आणि आज असतो बुधवार.

देशाच्या आरोग्यावर पैसा नेमका कोण खर्च करतं, हे कळावं म्हणून मी अर्थसंकल्पाची पुस्तकं चाळली, समित्यांचे अहवाल वाचले. पण फिरून फिरून ती कात्रीच डोळ्यांपुढे येत राहिली. म्हणून हिशेब तिथूनच मांडतो.

केंद्रीय आरोग्य मंत्रालय ‘राष्ट्रीय आरोग्य लेखे’ नावाची एक खतावणी प्रसिद्ध करतं. जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरच्या पगारापासून खोकल्याच्या बाटलीपर्यंत, आरोग्यापायी खर्च झालेला रुपया कुणाच्या हातून सुटला हे त्यात सापडतं. २००४-०५ मध्ये दर शंभर रुपयांतले ६९ रुपये आजाऱ्यानं किंवा त्याच्या घरच्यांनी थेट खिशातून मोजले होते. २०२१-२२ च्या लेख्यांत हा आकडा ३९ वर आला. केंद्र, राज्यं आणि स्थानिक संस्था मिळून सरकारचा वाटा २०१४-१५ मध्ये २९ होता, तो ४८ झाला. एकूण खर्च नऊ लाख कोटींच्या वर, म्हणजे माणशी साधारण ६,६०० रुपये.

पेढे वाटण्याआधी दोन गोष्टी बघायला हव्यात. २०२१-२२ हे करोनाचं वर्ष होतं. लशी आणि करोना रुग्णालयं यांवर सरकारांनी हात सैल सोडला होता. दुसरं म्हणजे, खिशातल्या खर्चाचा अंदाज मुख्यतः २०१७-१८ च्या नमुना पाहणीवरून पुढे नेलेला आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ज्या घरांनी दागिने मोडले, त्यांचा खर्च त्यात पुरता उतरला असेल असं मला वाटत नाही. तरीही ओझं उतरतीला लागलंय, हे खरं. मग उरलेले ३९ रुपये कुठे जातात? ते रुग्णालयाच्या खाटेवर जातात की मेडिकलच्या काउंटरवर?

लोकांची समजूत अशी की खाटेवर. मोठं बिल लक्षात राहतं ना! पाच गोळ्यांची पुडी कोण लक्षात ठेवतो? त्याच २०१७-१८ च्या पाहणीत बाळंतपण वगळता एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये निघाला. सातपटीचा फरक, आणि तरीही दाखल होणाऱ्यांपैकी ५५ टक्के खासगीतच गेले होते. पण माणूस दाखल होतो कितीदा? कित्येक वर्षांतून एकदा. उभ्या उभ्या डॉक्टरला दाखवून चिठ्ठी घेऊन तो कितीदा येतो, ते मोजून बघा. त्या उभ्या उपचारासाठी सरकारी दवाखान्यात जाणारे खेड्यात ३३ टक्के आणि शहरात २६ टक्के होते. बाकीच्यांनी तपासणीची फी, रक्तलघवीची तपासणी आणि औषधं हे सगळं रोखीनं भागवलं. खिशाला पडलेलं भोक लहान आहे, पण ते रोज गळतं.

खरं तर असं व्हायला नको, हे १९४६ सालीच लिहून ठेवलेलं आहे. सर जोसेफ भोर हे सनदी अधिकारी जन्मानं नाशिकचे, शिकले पुण्यात, डेक्कन कॉलेजात. १९४३ मध्ये सरकारनं त्यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य सर्वेक्षण समिती नेमली आणि तीन वर्षांनी तिचा भलामोठा अहवाल आला. पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचारावाचून राहता कामा नये, हा त्याचा पाया. पैसा करातून यावा, डॉक्टर पगारी असावेत आणि दवाखाना गावाच्या जवळ असावा. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा १९४८ च्या जुलैत सुरू झाली. भोर समितीचा अहवाल तिच्या आधीचा.

त्याच काळात दुसरा एक माणूस वेगळ्या वाटेनं विचार करत होता. अर्थशास्त्रज्ञ बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये कारखान्यातल्या कामगारांसाठी आरोग्यविम्याचा अहवाल दिला. पगारातून थोडं कामगाराचं, थोडं मालकाचं कापायचं आणि त्या गंगाजळीतून उपचार करायचे. बिस्मार्कनं जर्मनीत १८८३ मध्ये रुळवलेली ही पद्धत. आडारकरांच्या अहवालातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला, १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली आणि आजही ती चालू आहे. भोरांच्या अहवालातून प्राथमिक आरोग्य केंद्रं आली, पण त्यांच्यामागे लागणारा पैसा आला नाही. दोन पाहुण्यांना एकाच घरी बोलवावं आणि स्वयंपाक दीड माणसाचा करावा, तशातली गत. उरलेली भूक मग बाजारानं भागवली.

आता हा करातला पैसा रुग्णापर्यंत कसा पोचतो ते पाहू, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ आहे. ‘सरकारी दवाखाना’ असं आपण एका तोंडानं म्हणतो, पण त्यामागच्या थैल्या निरनिराळ्या आहेत. राज्यघटनेनं आरोग्य राज्यांकडे दिलंय. गावचं उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषद चालवते. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय आणि जिल्ह्याचं ‘सिव्हिल’ राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे असतं. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आणि शहरातले दवाखाने महापालिकेकडे. यावर केंद्राचं राष्ट्रीय आरोग्य अभियान. त्यात बहुतेक राज्यांना केंद्राचे साठ आणि स्वतःचे चाळीस अशी भागी घालावी लागते.

मुंबईत भायखळ्याचं जे. जे. आणि परळचं के. ई. एम. यांत अंतर असेल टॅक्सीच्या थोड्या भाड्याचं. पण जे. जे. राज्य सरकारच्या तिजोरीवर चालतं आणि के. ई. एम. महापालिकेच्या. या महापालिकेला २०१७ च्या जूनपर्यंत जकातीचं मोठं उत्पन्न होतं. म्हणजे मुलुंड चेकनाक्यावर खोळंबलेला ट्रक परळच्या ऑपरेशन थिएटरचा दिवा पेटता ठेवायला नकळत हातभार लावत असे. जीएसटी आला, जकात गेली आणि आता त्या बदल्यात राज्याकडून भरपाई येते. ट्रकवाल्याला हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्यानं निदान शिव्या तरी कमी दिल्या असत्या.

थैल्या वेगळ्या असल्या की नियमही वेगळे होतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं निःशुल्क झालं. चांगला निर्णय. पण तो त्या एका विभागाच्या रुग्णालयांपुरता होता. वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं त्यात नव्हती. ‘सिव्हिल’मधून मेडिकल कॉलेजला पाठवलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाला हे कुणी समजावून सांगायचं? त्याच्या लेखी दोन्ही सरकारचेच.

शिवाय ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी असतेच. डॉक्टर असतो, नर्स असते, खाट असते, पण सलाईनची बाटली नसते. औषधखरेदी हा या सगळ्या कारभाराचा कच्चा दुवा. तमिळनाडूनं तो तीस वर्षांपूर्वी ओळखला. औषधखरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं, एकगठ्ठा निविदा काढल्या, गोदामं बांधली आणि प्रत्येक रुग्णालयाला किती औषध मिळणार याचं पासबुक दिलं. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये ही खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली आणि २०२३ मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरण स्थापन केलं. अधल्यामधल्या वर्षांत चिठ्ठ्या फाडल्या जात होत्याच. अर्थसंकल्पात रक्कम दिसते, मार्चअखेर ती खर्ची पाडायची धावपळही दिसते, पण जुलैच्या पावसात साप चावलेल्या माणसाला लागतं प्रतिविष, मंजूर तरतूद नव्हे.

कामगार विम्याचं थोडक्यात सांगतो. महिना १८,००० पगार असलेल्या कामगाराचे पाऊण टक्का म्हणजे १३५ रुपये कापले जातात आणि मालक सव्वातीन टक्के म्हणजे ५८५ भरतो. या ७२० रुपयांत अख्ख्या कुटुंबाचा उपचार, बाह्यरुग्ण धरून, शिवाय आजारपणातल्या रजेचा भत्ता. बाजारात इतक्या पैशांत हे कुणी देणार नाही. मात्र पगाराची मर्यादा २०१७ पासून २१,००० वर थांबलेली आहे. पगारवाढ होऊन त्यापुढे गेलात, की चालू सहामाही संपली आणि तुम्ही बाहेर. पगारवाढीवर नाखूश होणारा माणूस पाहायचा असेल तर एमआयडीसीत चक्कर मारा.

मध्यमवर्गाचा देव म्हणजे मेडिक्लेम. विमा कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर १९८६ मध्ये सरकारी कंपन्यांनीच ही पॉलिसी आणली; २००० नंतर खासगी कंपन्या आल्या. जुन्या कररचनेत हप्त्यावर आयकरात सूट मिळते. वैयक्तिक पॉलिसीवर १८ टक्के जीएसटी लागायचा, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून काढून टाकला. म्हणजे खासगी विमा पुरता खासगी नाही. सुटलेला कर हासुद्धा सरकारचाच खर्च, फक्त तो रुग्णालयाच्या दारात दिसत नाही.

मेडिक्लेम कसा चालतो हे डिस्चार्जच्या दिवशी कळतं, तोवर कुणी पॉलिसीचे कागद वाचत नाही. समजा तीन लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीभाड्याला रोज एक टक्का म्हणजे ३,००० ची मर्यादा. वडिलांचं ऑपरेशन, म्हणून आपण ६,००० ची एसी सिंगल रूम घेतली. पाच दिवस. मनाशी हिशेब केला की जास्तीचे तीन हजार गुणिले पाच, पंधरा हजार आपण भरू. बिल येतं एक लाख साठ हजारांचं. खोलीचे तीस हजार. सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, नर्सिंग मिळून नव्वद हजार. औषधं आणि तपासण्या चाळीस हजार. कंपनी म्हणते, तुमची पात्रता खोलीच्या निम्म्या भाड्याची, म्हणून खोलीचे पंधरा देऊ आणि त्या नव्वदचेही निम्मे, पंचेचाळीस. औषधं-तपासण्यांना ही कात्री लागत नाही, ते चाळीस पुरे. झाले एक लाख. साठ हजार आपल्या अंगावर, वर हातमोजे नि कापसाचे वेगळे.

यात लबाडी कुठे आहे? खरं सांगायचं तर लबाडीपेक्षा रिवाज जास्त. आपल्याकडे पुष्कळ रुग्णालयांत डॉक्टरची फी खोलीच्या वर्गानुसार बदलते. जनरल वॉर्डातल्या अपेंडिक्सचा एक दर, डिलक्समधल्या अपेंडिक्सचा दुसरा. अपेंडिक्स तेच आणि टाकेही तितकेच. विमा कंपनी त्या रिवाजावरून आपली कात्री चालवते. खोलीला मर्यादा नसलेली पॉलिसी मिळते, पण तिचा हप्ता जास्त असतो आणि साठी ओलांडली की तो घरभाड्याशी स्पर्धा करतो.

आणि मूळ मुद्दा राहतोच. नेहमीचा मेडिक्लेम चोवीस तास दाखल झाल्यावर बोलतो. मोतीबिंदूसारख्या दिवसभरात उरकणाऱ्या शस्त्रक्रियांना सवलत आहे, पण कोपऱ्यावरच्या गोळ्यांना नाही. "डॉक्टर, एक रात्र ठेवूनच घ्या ना, म्हणजे तपासण्या क्लेममध्ये बसतील," ही विनंती ऐकली नाही असा डॉक्टर मला अजून भेटायचाय.

गरिबांसाठी सरकारनं याच नमुन्याचा विमा काढला, यात आश्चर्य नाही. महाराष्ट्रात १९९७ मध्ये जीवनदायी योजना आली. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, वर्षाकाठी कुटुंबाला दीड लाखापर्यंत. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. २०१८ च्या सप्टेंबरात केंद्राची पाच लाखांची आयुष्मान भारत आली आणि दोघींची सांगड घातली गेली. पुढे राज्यानंही मर्यादा पाच लाखांवर नेली आणि योजना पांढऱ्या शिधापत्रिकेसकट सगळ्यांना खुली केली. योजनेतल्या रुग्णालयात दाराशी टेबल टाकून ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. कार्ड बघणं, फोटो चढवणं, मंजुरीची वाट बघणं हे त्याचं काम. हृदयाच्या ऑपरेशनसाठी एकेकाळी जमीन गहाण पडायची. ती अनेकांची वाचली, हे मी नाकारणार नाही. डायलिसिसवाल्यांना तर ही योजना म्हणजे श्वास आहे.

पण इथे पैशाची दिशा बघा. करातला रुपया सरकारी रुग्णालयाची भिंत उभी करण्याऐवजी खासगी खाट भाड्यानं घेतो. प्रत्येक शस्त्रक्रियेचा ठरलेला दर, पॅकेज. रुग्णालय म्हणतं दर परवडत नाही, म्हणून ‘वरचे’ मागतं. ते मागायला परवानगी नाही, हे आरोग्यमित्र सांगतो. पण पेशंट आत टेबलावर असताना वाद घालायची छाती किती जणांची होते? आणि ही योजनासुद्धा आडव्या माणसाची. उभा असेपर्यंत तुमचं तुम्ही बघा.

महाराष्ट्रात आणखी एक वाट आहे, तिच्याबद्दल फार कमी लोक बोलतात. धर्मादाय रुग्णालयं. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना करात आणि इतर सवलती मिळतात. त्या बदल्यात, मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार, दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या. खर्चाला निधी कुठला? बिलांच्या रकमेतले दोन टक्के बाजूला काढायचे. म्हणजे तुम्ही तिथे लाखाचं बिल भरता तेव्हा त्यातले दोन हजार शेजारच्या वॉर्डातल्या कुणासाठी तरी जमा होतात. कल्पना सुरेख आहे. फक्त ती खाट मिळवायला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, शिधापत्रिका लागते आणि अशी खाट असते हे मुळात ठाऊक असावं लागतं. चौकशीच्या खिडकीवर बहुधा आधी डिपॉझिट विचारतात.

थैली कुणाची, यावरून भांडण कसं पेटतं ते कोकणात पाहायला मिळालं. सावंतवाडी-दोडामार्गकडच्या लोकांना मोठ्या दुखण्यात जवळ पडतं ते बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, तिकडच्या बोलीत ‘गोमेकॉ’. वर्षानुवर्षं तिथे उपचार मिळत होते आणि कुणी कुठला हे फारसं बघितलं जात नव्हतं. १ जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारनं परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं. सिंधुदुर्गात आंदोलन झालं. गोव्याचं म्हणणं सरळ होतं: हे रुग्णालय आमच्या करदात्याच्या पैशांवर चालतं आणि गर्दीत आमच्याच माणसाला खाट मिळेना. सिंधुदुर्गकरांचंही खोटं नव्हतं: नातीगोती, बाजारहाट, नोकऱ्या सगळं सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे, मग आजारपणच तेवढं अलीकडे कसं ठेवायचं? महाराष्ट्रानं आपलं रुग्णालय जवळ बांधलं नव्हतं, त्याचा खर्च इतकी वर्षं गोवा गुपचूप उचलत होतं, एवढंच त्या दिवशी उघड झालं.

राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०१७ मध्ये लक्ष्य ठेवलं होतं, सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचा. करोनाच्या त्या सढळ वर्षातही तो १.८४ टक्क्यांवर होता. पण वाढीव पैसा मिळाला तर तो कुठे घालायचा? खाटेचा विमा पाचाचा दहा लाख करायचा, की शहरातला दवाखाना संध्याकाळी उघडा ठेवायचा? दुसऱ्या गोष्टीला टाळ्या कमी पडतात. मुंबई महापालिकेनं २०२२ मध्ये ‘आपला दवाखाना’ सुरू केला, त्यात मला सगळ्यात शहाणपणाची गोष्ट दिसली ती इमारत नव्हे, वेळ. रात्री दहापर्यंत. कामावरून सुटलेला माणूस पोचेल अशी वेळ.

हे मला मेडिकलमध्ये कळलं. पाच गोळ्या मागणाऱ्या एक ताई बांधकामावर जातात. एकदा न राहवून मी विचारलं, "ताई, सरकारी दवाखान्यात ह्या गोळ्या फुकट मिळतात की, तिथं का नाही जात?"

त्यांनी माझ्याकडे वर्गातल्या ढ पोराकडे बघावं तसं बघितलं. "मिळत्यात ना दादा. पण केसपेपरची रांग सकाळची. डॉक्टरपर्यंत जायला बारा, गोळ्या घ्यायला एक. त्या दिवसाचा खाडा. खाडा पाचशेचा. अन् महिन्याच्या गोळ्या इथं साडेतीनशेला पडत्यात." मग पदराची गाठ सोडत म्हणाल्या, "फुकटचं परवडत नाही."

काकांनी तोवर पट्टी कापली होती.